फोनवर ‘बरं आहे’ म्हणणारी माणसं

‘जेवलात का?’ ‘हो, आत्ताच.’ ‘तब्येत?’ ‘बरी आहे.’ ‘गोळ्या घेता ना वेळेवर?’ ‘घेतो की.’ ‘बरं, ठेवू का मग?’

पुण्या-मुंबईहून गावाकडे जाणारे बहुतेक फोन एवढ्यावरच आटपतात. फोन झाल्याचं समाधान दोन्हीकडे मिळतं आणि कळत कुणालाच काही नाही. साहेबांचा मेल आला तर आपण तो दोनदा वाचून, शब्द तपासून उत्तर देतो. आई-वडिलांचा फोन मात्र गाडी चालवताना, सिग्नल सुटेपर्यंत. आपलीच माणसं आहेत, जातात कुठे, असा त्यामागचा हिशेब असतो. त्या हिशेबाला उत्तर म्हणून दर मदर्स डेला भावुक मजकूर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सिग्नलवरचा फोन सुरू होतो. माझं म्हणणं रोकडं आहे. गावी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांवरची माया ही कामं वाटून, तारखा टाकून, थोडे हात मळवून करायची गोष्ट आहे. मनात कितीही माया असली तरी त्याने संडासात आधाराची दांडी बसत नाही.

फोनपासूनच सुरुवात करू. रोज जमत नसेल तर आठवड्यातले तीन वार ठरवा, पण ठरवलेले वार मोडू नका. संध्याकाळी सात ते नऊ मालिकांची आणि बातम्यांची वेळ असते, तेव्हा उत्तरं तुटक येतात. सकाळचा चहा झाल्यावर किंवा दुपारी पडून उठल्यावर माणूस मोकळं बोलतो. ‘कसे आहात’ हा प्रश्न काढूनच टाका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. आज भाजी काय केली होती, दुपारी कोण आलं होतं, सकाळी फिरत फिरत कुठवर गेलात, असं विचारा. आठवडाभर ‘पिठलं-भात टाकला’ नाहीतर ‘कालचंच होतं’ असं ऐकू येत असेल तर आईला ओट्याशी उभं राहवत नाहीये. वडील रोज मारुतीच्या देवळापर्यंत जायचे आणि आता ‘इथंच पारावर बसतो’ म्हणतात, तर गुडघा, दम किंवा नजर यांपैकी काहीतरी बिघडलंय. एकाच फोनमध्ये एकच हकिकत दोनदा येते, शेजाऱ्याचं नाव आठवत नाही, पेन्शन काढली की नाही याचा घोळ होतो, असं लागोपाठ काही आठवडे दिसलं तर ‘वय झालं आता’ म्हणून सोडून देऊ नका. विसराळूपणामागे थायरॉइड, बी-12 ची कमतरता, रक्तातलं सोडियम कमी होणं, झोपेची गोळी अशी दुरुस्त होणारी कारणंही असतात. पहिली तीन साध्या रक्ततपासणीत सापडतात, चौथं गोळ्यांच्या पिशवीत.

आता आईबद्दल वेगळं. बऱ्याच घरांत फोन बाबांच्या हातात असतो आणि स्पीकरवर असतो. आई मागून, भांड्यांच्या आवाजातून बोलते. शेवटी ‘घे, बोल हिच्याशी’ म्हणून तिच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं आणि त्यात ती तुमच्या मुलांची चौकशी करते. तिला लघवी धरवत नाही, किंवा पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर जातंय, हे ती स्पीकरवर सांगणार आहे का? पाळी बंद झाल्यानंतर रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं असतं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून महिने काढले जातात ते तिला विचारणारं कुणी नसल्यामुळे. आईला स्वतःचा फोन द्या, नंबर तिच्या नावावर घ्या आणि तिच्याशी बोलायची वेळ वेगळी ठेवा. रिचार्ज शहरातून तुम्हीच मारा, तोही 28 दिवसांचा नको, 84 दिवसांचा किंवा वर्षाचा. पॅक संपला की बाहेर फोन लागत नाही आणि ‘तुम्ही कामात असाल’ म्हणून ती तसं सांगतही नाही.

फोनवर बोलणं कमी होण्याचं एक कारण कानही असतो. म्हातारपणी आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. शब्दातले स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ असली व्यंजनं पुसट होतात. आवाज येतो पण अर्थ लागत नाही. मग माणूस ‘हं, हं’ करतो आणि फोन लवकर ठेवतो. आपल्याला वाटतं, बाबांना हल्ली बोलायची इच्छा नाही. अशा वेळी ओरडू नका. ओरडलं की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजनं तिथेच राहतात. सावकाश, लहान वाक्यांत बोला. व्हिडिओ कॉल करा आणि तोंडावर उजेड पडेल असे बसा, कारण ओठ दिसले की अर्धं काम होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून आधी मळ काढून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी. श्रवणयंत्र घेतलंच तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावं लागतं हे लक्षात ठेवा. कपाटात पडलेली कितीतरी यंत्रं चांगली असतात. पहिल्या आठवड्यात भांड्यांचा खणखणाट असह्य झाला आणि यंत्र जुळवायला परत नेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

गावी गेलात की सगळ्यात आधी गोळ्यांची पिशवी मागा. ती मेडिकलची पातळ पिशवी असते, नाहीतर बिस्किटांचा जुना डबा. फ्रिजवर, देव्हाऱ्याच्या खाली किंवा उशाशी. सगळी पाकिटं वर्तमानपत्रावर ओता. कात्रीने कापलेले तुकडे दिसतील, त्यांवर ना पूर्ण नाव असतं ना मुदत. तीन वर्षांपूर्वीच्या खोकल्याच्या औषधाची बाटली निघेल. मग खरं काम. प्रत्येक पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं ते वाचा, कंपनीचं मोठ्या अक्षरातलं नाव नको. दोन वेगळ्या रंगांच्या पाकिटांवर ‘टेल्मिसार्टन’ हे एकच बीपीचं औषध लिहिलेलं आढळणं अजिबात दुर्मीळ नाही. एक तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेलं, एक शहरातल्या तज्ज्ञांनी, किंवा मेडिकलवाल्याने ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दिलेलं. बाबा दोन्ही घेतात, कारण दोन्ही पिशवीत आहेत. मग सकाळी उठताना भोवळ येते.

दुसरी गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण ती घराघरांत घडते. बीपीसाठी अॅम्लोडिपिन सुरू होतं. काहींच्या घोट्यांना त्याने सूज येते. सूज पाहून कुणीतरी लघवीची गोळी देतं. ती संध्याकाळी घेतली जाते, म्हणून रात्री तीनदा उठावं लागतं. झोप मोडते म्हणून झोपेची गोळी येते. आणि मग रात्री अडीच वाजता, गुंगीत, अंधारात संडासाकडे जाताना माणूस पडतो. खुब्याचं हाड मोडतं तेव्हा सगळे लादीला दोष देतात. सुरुवात घोट्याच्या सुजेपासून झाली होती, आणि औषध बदललं असतं तर साखळी तिथेच तुटली असती. म्हणून प्रत्येक गोळीसमोर ‘कशासाठी, कुणी, कधीपासून’ असं लिहिलेला एक कागद करा. त्याच्यासह सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, यातली कोणती बंद करता येईल? हा प्रश्न घरच्या माणसाने विचारला नाही तर कुणीच विचारत नाही. स्वतःच्या मनाने मात्र काही थांबवू नका. झोपेची आणि बीपीची गोळी एकदम तोडली तर उलटते.

गुडघेदुखीच्या गोळ्या वेगळ्या शोधा, कारण त्या चिठ्ठीवर नसतात. मेडिकलमधून ‘दुखायची गोळी’ म्हणून आणलेलं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन रोज घेतलं की बीपी चढतं, पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर तर जास्तच. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासायचं ते यासाठीही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. ही तिन्ही सकाळी चहाबरोबर एकदम गिळली जात असतील तर थायरॉइडचा आकडा वर्षभर खाली येणार नाही आणि डॉक्टर डोस वाढवत राहतील.

आणि उपवास. मधुमेही आईचा उपवास हा घरातला सर्वांत नाजूक विषय आहे. ‘करू नकोस’ म्हटलं की ती करते आणि सांगत नाही. त्यापेक्षा गोळ्या समजून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन ही पोटात अन्न असो-नसो साखर खाली ओढतात. नुसत्या मेटफॉर्मिनने ती सहसा धोक्याइतकी उतरत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या लघवीवाटे साखरेबरोबर पाणीही काढतात, तेव्हा निर्जळी उपवास त्यांच्यावर चालत नाही. म्हणून नवरात्राच्या किंवा चतुर्मासाच्या आधी डॉक्टरांना विचारून उपवासाच्या दिवसाचा वेगळा डोस कागदावर लिहून घ्या. फराळातही साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च, साखर भराभर चढवणारा. वरी-भगरही फार मागे नाही. दाण्याची आमटी, ताक, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर यांनी ताट भरलं तर उपवासही होतो आणि साखरही फार हलत नाही. घाम, थरथर, धडधड, एकदम चिडचिड किंवा असंबद्ध बोलणं दिसलं आणि ग्लुकोमीटरवर 70 च्या खाली आकडा आला, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. मीटर जवळ नसेल तर आकड्याची वाट न पाहता साखर द्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ 108. आणि उपवास मोडला तर पाप लागतं ही भीती असेल, तर आजारी माणसाला सूट आहे हे तिच्या ओळखीच्या गुरुजींच्या तोंडून वदवून घ्या. डॉक्टरपेक्षा त्यांचं ती ऐकेल.

बीपीचं यंत्र घरोघरी आलंय, पण आकडे बरेचदा खोटे असतात. बाजारातून आल्या आल्या, बनियनच्या बाहीवर पट्टा बांधून, बोलता बोलता मोजलेला आकडा फेकून द्या. चहा होऊन अर्धा तास गेलेला असावा, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर पडण्याचा धोका तिथे लिहिलेलाच आहे. डॉक्टरांना तो आकडा सांगा आणि वडिलांना पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसल्याशिवाय उठू नका असं शिकवा.

दुपारची झोप काढून झाली की ड्रिल मशीनवाला बोलवा. व्हॅक्यूमने चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, त्या घेऊ नका. त्या ज्या दिवशी सुटतात त्याच दिवशी त्यांची गरज असते. स्टीलची दीड इंचाच्या आसपास जाड दांडी, भिंतीत अँकर फास्टनरने बसवलेली. उंची पुस्तकातून काढू नका. वडिलांना कमोडवर बसवा, उठताना हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलने खूण करा. दुसरी दांडी आंघोळीच्या जागी. बसवून झाली की तुम्ही स्वतः तिला लोंबकळून बघा. टॉवेलची दांडी आधाराची नसते, पण तोल गेलेला हात तिलाच धरतो, म्हणून ती हाताच्या टप्प्यातून काढून टाका. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगानेच ते अडतं. ते बाहेर उघडणारं करून घ्या, नाहीतर निदान बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवा. भरलेली बादली उचलायला लागू नये म्हणून स्टूल आणि हॅंडशॉवर. पलंगापासून संडासापर्यंत माणूस हलला की लागणारे दोन दिवे. घासून गुळगुळीत झालेल्या स्लीपर तुमच्यासमोर कचऱ्यात गेल्या पाहिजेत, तुम्ही परत निघाल्यावर त्या नव्या जोडाच्या शेजारी पुन्हा दिसू शकतात.

हे सगळं वाचताना एक माणूस तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल, किंवा यायला हवा होता. आई-वडिलांजवळ राहणारा भाऊ, वहिनी, कधी लग्न न केलेली किंवा माहेरी परतलेली बहीण. घरात सर्वांत जास्त गृहीत धरलं जातं ते यांना. रात्री तीनला बाबांना उठवणं, चादर बदलणं, डबा-पाणी-डॉक्टर, हे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस चालतं आणि त्याची दखल नसते. शहरातून येणारा दोन दिवसांसाठी मिठाईचा पुडा घेऊन येतो, आई त्याच्यासाठी पुरणपोळी करायला लावते, आणि जाताना तो सुचवून जातो, ‘वहिनी, बाबा जरा वाळलेत, प्रोटीन वाढवायला हवं.’ त्या एका वाक्याने वर्षभराचं नातं आंबतं.

सल्ल्याऐवजी पाळी घ्या. वर्षातून पंधरा दिवस तुम्ही रजा टाकून घरी राहा आणि त्या दिवसांत भाऊ-वहिनींना घराबाहेर पाठवा. तिच्या माहेरी, कोकणात, कुठेही. दोघांचं तिकीट तुम्ही काढा. तुम्ही घरात असताना तेही घरातच राहिले तर ती सुट्टी नव्हे, उलट आणखी एका माणसाचा स्वयंपाक. त्या पंधरा दिवसांत कामाच्या मावशींना सुट्टी देऊ नका, पण बाकी सगळं स्वतः करा. चौथ्या दिवसापर्यंत तुमचे बरेच सल्ले आपोआप गळून पडतील. पैशाचं म्हणाल तर खर्चाचा अर्धा वाटा दिला म्हणजे हिशेब मिटला असं समजू नका. राहणाऱ्याचा वेळ, नोकरीतली हुकलेली बढती, बाहेरगावी न घेतलेली बदली याचे पैसे कुणी मोजत नाही. म्हणून बाहेर असणाऱ्यांनी वाटा जास्त उचलावा, आणि तो ‘मदत’ म्हणून न देता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला द्यावा. वहिनीला मागावं लागलं की तुमचा वाटा थांबला असंच धरायचं.

निर्णयाबद्दल एक नियम पाळला तर निम्मी भांडणं होत नाहीत. खाटेजवळ जो आहे त्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्या शहरातून रिपोर्टचे फोटो मागवून, आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवून, रात्री अकराला ‘हे औषध बंद करा’ असा निरोप धाडणं बंद. दुसरं मत हवं असेल तर तुम्ही रजा घेऊन या, बाबांना घेऊन जा आणि दाखवून आणा. ‘आम्हाला कळवलंच नाही’ ही तक्रार टाळायला व्हॉट्सअॅपवर भावंडांचा वेगळा ग्रुप काढा, त्यात सुविचार नकोत. दर रविवारी एकाने बीपी, साखर, वजन आणि आठवड्याचा खर्च टाकायचा, आणि बाकीच्यांनी अंगठा न दाखवता एक ओळ तरी लिहायची.

आलटून-पालटून सांभाळायची पद्धत, महिना याच्याकडे महिना त्याच्याकडे, ही वाटणीला सोपी आणि म्हाताऱ्यांना जड. प्रत्येक घरात संडास नवा, डॉक्टर नवा, फाईल मागच्या घरी राहिलेली. रात्रीचा रस्ता पाठ नसतो म्हणून पडणंही वाढतं. करायचीच असेल तर मुक्काम तीन-चार महिन्यांचा ठेवा, फाईल आणि गोळ्यांची पिशवी माणसाबरोबरच फिरवा, आणि काही झालं तरी दोघांना दोन घरी वाटू नका. आई नात सांभाळायला पुण्यात आणि बाबा शेतावर एकटे, ही वाटणी तर कितीतरी घरांत कुणी न ठरवताच झालेली असते. दोघांनीही तक्रार केली नाही म्हणजे दोघांना चालतंय, असा अर्थ काढू नका.

आईला दर महिन्याला तिच्या स्वतःच्या खात्यात रक्कम जाऊ द्या, बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन. तिचा हिशेब विचारू नका. ती त्यातून भाचीच्या बारशाला साडी देईल, देवळाला देईल, तुमच्याच मुलाच्या हातात पाचशेची नोट कोंबेल. आयुष्यभर पदराच्या गाठीला दुसऱ्याने दिलेले पैसे बांधलेल्या बाईला ही ऐपत मिळू द्या. वीजबिल आणि गॅस मात्र तुमच्याकडून परस्पर भरला जाऊ दे. त्याच खात्यावर यूपीआयची दिवसाची मर्यादा कमी करून ठेवा, आणि पोलिसांचा, सीबीआयचा, कस्टमचा म्हणून फोन आला की एक शब्द न बोलता ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, हे घोकून घ्या. पैसे गेलेच तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

कागदपत्रांचं बोलणं काढलं की ‘आमच्या मरणाची वाट बघता का’ असं येतं. म्हणून सुरुवात स्वतःपासून करा. आपलं नॉमिनेशन, आपलं मृत्युपत्र दाखवा, मग त्यांचं विचारा. दोघांचं खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो’ या पद्धतीचं आहे ना ते पाहा. एकट्या बाबांच्या नावावरचं खातं ते आयसीयूत असतानाच लागतं आणि तेव्हा चालत नाही. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे ताब्यात घेतो, वाटा वारसांचा असतो. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. हे आधीच माहीत असलं तर ‘माझं नाव लावलं होतं’ म्हणून भावंडं कोर्टात भेटत नाहीत.

राहतं घर किंवा शेतजमीन मुला-मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, काही भागांत त्यावर स्थानिक अधिभार पडतो. स्वस्त म्हणून बरेच आई-वडील जिवंतपणी सगळं देऊन मोकळे होतात. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र एरवी परत फिरत नाही. म्हणून ते करायचंच असेल तर ‘देणाऱ्यांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील आणि घेणारा त्यांचा सांभाळ करील’ ही अट दस्तातच घाला. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याचं कलम 23 अशा अटीवर उभं आहे. सांभाळ झाला नाही तर त्या कलमाखाली व्यवहार रद्द करून घेता येतो. मुलगा कितीही चांगला असला तरी ही ओळ लिहा, आणि चांगल्या मुलाने ती स्वतःहून सुचवावी.

बहिणीचा विषय याला लागूनच. वडील गेल्यावर तेराव्याच्या आसपास, पाहुणे घरात असताना, हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद तिच्यापुढे येतो. ती सही करते, कारण माहेर तुटायला नको असतं. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मतःच मुलाइतका आहे, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वडील 2005 ला हयात होते की नव्हते यावर अवलंबून नाही हे स्पष्ट केलं. तेव्हा घाई करू नका. सातबाऱ्यावर वारसनोंदीसाठी तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो, तो सगळ्या वारसांच्या नावाने, बहिणींसह द्या. हक्कसोड हा त्यानंतरचा, वेगळा, नोंदणी करायचा दस्त आहे आणि तो वर्षाने केला तरी काही बिघडत नाही. तिला हिस्सा नको असेल तर ती तेव्हाही सांगेल. हवा असेल तर बाजारभाव काढून रोख द्या, हप्त्यांनी द्या, पण ‘तुला दरवर्षी भाऊबीज घालतोच की’ हे त्याचं उत्तर नाही.

दवाखान्याची तयारी सुखाच्या दिवसांत करायची असते. 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतमधून कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार ऑक्टोबर 2024 पासून मिळतात, कार्ड आधारवर निघतं. कार्ड काढून थांबू नका, जवळचं कोणतं रुग्णालय त्या यादीत आहे ते पाहून फाईलच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली लिहा, रात्री सीटी स्कॅन कुठे चालू असतो. तोंड एका बाजूला ओढलं, हात लुळा पडला किंवा जीभ जड झाली, म्हणजे पक्षाघाताची चिन्हं दिसली, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी लागतो. ‘सकाळी बघू’ने ती वेळ निघून जाते.

आता राहिलं ते कधी जायचं. दिवाळीत जातातच सगळे, पण तेव्हा तज्ज्ञ सुट्टीवर, लॅब अर्धा दिवस, बँक बंद, आई फराळात आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. ती भेट भेटीपुरती ठेवा. कामाची फेरी नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात घाला, मंगळवार ते शुक्रवार. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा महिना तोच. 80 च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि ईपीएफओची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाची पेन्शन असेल तर वर्षात केव्हाही दिलेला दाखला पुढे वर्षभर चालतो. ‘जीवन प्रमाण’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन अॅप तुमच्या फोनवर घेऊन चेहरा दाखवला की घरबसल्या होतो. अंगठ्याचे ठसे झिजलेल्यांना हेच सोयीचं. चष्मा काढून, उजेड समोरून येईल असं बसवायचं. रक्ततपासणीसाठी गावात पोचायचं ते आदल्या संध्याकाळी. सकाळच्या गाडीने पोचलात तर आईने तुमच्यासाठी केलेल्या पोह्यांतला घास बाबांच्याही तोंडात गेलेला असतो, आणि उपाशीपोटीचं रक्त दुसऱ्या दिवसावर जातं.